सेवक नेतृत्व म्हणजे गप्प बसणे का? मंडळीच्या कारभाराविषयी एक प्रश्न

नवा चिटणीस यांचा प्रश्न

सर्वांना जय ख्रिस्त. आमची मंडळी (स्थानिक चर्च) पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी असून ती जुन्या मिशनच्या काळापासूनची आहे. यंदाच्या वार्षिक सभेत माझी पंचकमिटीच्या चिटणीसपदी निवड झाली. त्या दिवशीच्या उपासनेत पाळकसाहेबांनी मार्काच्या दहाव्या अध्यायातील भाग वाचला. याकोब व योहान हे शिष्य प्रभूच्या उजवीकडच्या व डावीकडच्या जागा मागतात, बाकीचे दहा जण त्यांच्यावर रागावतात, आणि प्रभू सर्वांना जवळ बोलावून सांगतो की परराष्ट्रीयांचे (यहुदी नसलेल्यांचे) अधिपती लोकांवर अधिकार गाजवतात, पण तुमच्यामध्ये तसे नसावे. ज्याला मोठे व्हायचे आहे त्याने सेवक व्हावे. तो संदेश मी मनापासून स्वीकारला आहे आणि आजही त्याविषयी माझी काहीच तक्रार नाही.

अडचण पहिल्या बैठकीत उभी राहिली. इमारत निधीचा जमाखर्च मंडळीपुढे केव्हा ठेवायचा, एवढेच मी विचारले होते. त्यावर एक ज्येष्ठ पंच म्हणाले की सेवकाने हिशोब मागायचा नसतो, त्याने मान खाली घालून काम करायचे असते. दुसऱ्यांनी फिलिप्पैकरांस पत्रातील वचन ऐकवले, की लीनतेने एकमेकांना आपणापेक्षा श्रेष्ठ माना. कोणी पैसे खाल्ले असे माझे म्हणणे नाही आणि तसा संशयही माझ्या मनात नाही. परंतु त्या बैठकीनंतर कोणीच काही विचारेनासे झाले आहे, आणि प्रत्येक विषय ‘पाळकसाहेब ठरवतील ते योग्य’ या वाक्यावर संपतो.

वचनाच्या आधाराने मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. ख्रिस्ताने शिकवलेल्या नम्रतेत प्रश्न विचारण्याला जागा आहे का? आणि पुढारी जर सेवक असेल, तर निर्णय कोणी घ्यायचा? आम्ही दर वर्षी प्रभुभोजनाच्या गुरुवारी पाय धुण्याचा भाग वाचतो, पण या प्रश्नांची उत्तरे मला त्यातून अजून नीट मिळालेली नाहीत.

जुना शास्त्रशिक्षक

प्रिय बंधू, आपण ज्या भागाचा उल्लेख केला आहे त्यातच उत्तर आहे असे मला वाटते. मात्र तो भाग वाचताना आपण सगळेच एका वाक्यावरून भरभर पुढे जातो. येशूने पाय धुतल्याची हकिकत सांगण्यापूर्वी योहान (१३:३) लिहितो की पित्याने सर्व काही आपल्या हाती दिले आहे, आपण देवापासून आलो आहोत आणि देवाकडे जात आहोत हे येशूला ठाऊक होते. त्यानंतर तो भोजनावरून उठतो, बाह्यवस्त्रे काढून ठेवतो आणि रुमाल कमरेला बांधतो. आपण कोण आहोत याविषयी ज्याच्या मनात तिळमात्र शंका नाही, असा मनुष्य हे काम करत आहे. पाय धुऊन झाल्यावर तो पुन्हा वस्त्रे घालून बसतो आणि सांगतो की तुम्ही मला गुरू व प्रभू म्हणता ते ठीकच म्हणता, कारण मी तसा आहे. अधिकार आहे हे तो नाकारत नाही; तो कोणासाठी वापरायचा हे दाखवतो. बारा जणांमध्ये त्या वेळी प्रभूला धरून देणारा यहूदा इस्कर्योतही होता आणि त्याचेही पाय धुतले गेले, हे विसरू नये.

त्या वेळी शिष्य पेत्राने धरलेला हट्ट मराठी वाचकाला टीपेशिवाय कळतो. आपल्याकडे लग्नात वधूपिता जावयाचे पाय धुतो, म्हणजे धुणारा लहान आणि ज्याचे धुतले जातात तो मोठा, हे आपल्या अंगवळणी पडलेले आहे. म्हणूनच ‘तुम्ही माझे पाय कधीही धुणार नाही’ हे पेत्राचे बोलणे आपल्याला शालीनतेचे वाटते. प्रभू मात्र ही शालीनता स्वीकारत नाही. मी तुला धुतले नाही तर तुला माझ्याबरोबर वाटा नाही, असे तो स्पष्ट सांगतो. आपल्या कमिटीतील ज्येष्ठांपुढे हा मुद्दा प्रेमाने मांडण्यासारखा आहे. जो सतत दुसऱ्यांची सेवा करतो पण स्वतःच्या कामाला कोणाचा हात लागू देत नाही, स्वतःची चूक कोणी दाखवलेली ज्याला चालत नाही, तो पेत्राच्याच जागी उभा आहे.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय कमिटीच्या बैठकीत मोठ्याने वाचावा, अशी माझी आपणास कळकळीची विनंती आहे. यरुशलेमेतील मंडळीत ग्रीक भाषा बोलणाऱ्या यहुद्यांनी तक्रार केली की रोजच्या वाटपात आमच्या विधवांची उपेक्षा होते. वाटप प्रेषितांच्या, म्हणजे प्रभूच्या बारा निवडक शिष्यांच्या, देखरेखीखाली होत होते, तेव्हा ती तक्रार एका अर्थाने प्रत्यक्ष प्रेषितांच्याच कारभाराविरुद्ध होती. ज्यांनी प्रभूला डोळ्यांनी पाहिले होते, त्यांना ‘आमच्यावर शंका घेता?’ असे विचारता आले असते. तसे काही घडले नाही. तक्रार करणाऱ्यांना कोणी गर्विष्ठ ठरवले नाही, त्यांना नम्रतेचा उपदेश केला नाही. बारा जणांनी सर्व शिष्यसमुदायाला बोलावले आणि सात जण निवडायला सांगितले. स्तेफन, फिलिप्प यांच्यापासून अंत्युखियाच्या नीकलावापर्यंत त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत, आणि नीकलाव तर जन्माने यहुदीही नव्हता. याचा अर्थ असा की ज्या गटाची तक्रार होती, बहुधा त्याच गटातील माणसांच्या हाती वाटपाचे काम सोपवण्यात आले. नव्या करारातील सेवक नेतृत्वाचे सर्वांत प्रत्यक्ष उदाहरण मला हेच वाटते, आणि त्याची सुरुवात एका प्रश्नाने, किंबहुना कुरकुरीने झाली आहे.

फिलिप्पैकरांस पत्रातील वचन आपल्याला ऐकवले गेले, ते अर्धेच ऐकवले गेले. पुढच्याच ओवीत प्रेषित पौल सांगतो की प्रत्येकाने केवळ आपलेच हित नव्हे तर दुसऱ्यांचेही हित पाहावे. मंडळीच्या पैशाचा विनियोग नीट होतो की नाही हे पाहणे त्या हितातच मोडते.

वसईचा वाचक

मी कॅथलिक आहे. आपल्या मंडळीची रचना आमच्यापेक्षा वेगळी आहे, तरीही आपल्या दुसऱ्या प्रश्नाला उपयोगी पडेल असे काही आमच्या परंपरेत आहे, म्हणून लिहितो.

इसवी सन ५९० ते ६०४ या काळात पोप असलेले संत ग्रेगरी यांच्या वेळी कॉन्स्टँटिनोपलच्या पॅट्रिआर्कने (प्रमुख बिशपने) ‘विश्वव्यापी’ ही उपाधी लावण्यास त्यांनी कडक विरोध केला, आणि स्वतःला ‘देवाच्या सेवकांचा सेवक’ म्हणवून घेतले. ही पदवी पोपच्या औपचारिक दस्तऐवजांत आजही वापरली जाते. परंतु इतिहास प्रामाणिकपणे वाचणाऱ्याला हेही मान्य करावे लागते की ही पदवी धारण करणाऱ्यांपैकी काहींनी पुढे राजालाही लाजवील असा थाट केला. सेवक हा शब्द नावापुढे लावल्याने माणूस सेवक होत नाही. आपल्या मंडळीत हा शब्द वारंवार उच्चारला जातो आणि त्याच वेळी प्रश्न विचारणे थांबते, हे वाचून मला त्या इतिहासाची आठवण झाली.

निर्णय कोणी घ्यायचा याविषयी सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठवासीयांसाठी केलेल्या नियमावलीचा तिसरा अध्याय मला फार मोलाचा वाटतो. मठात काही महत्त्वाचे काम निघाले तर मठाधिपतीने सर्व बंधूंना एकत्र बोलवावे, विषय स्वतः समजावून सांगावा, सर्वांचे ऐकावे, मग विचार करून जे हिताचे वाटेल ते करावे, असे त्यात सांगितले आहे. सर्वांना का बोलवायचे याचे कारणही बेनेडिक्ट देतात: जे अधिक चांगले आहे ते प्रभू पुष्कळदा सर्वांत लहान बंधूला प्रकट करतो. निर्णय मठाधिपतीचाच राहतो, पण लहानातल्या लहानाचे ऐकल्याशिवाय त्याला तो घेता येत नाही. दीड हजार वर्षे मठ या रीतीने चालत आले आहेत, तेव्हा नम्र माणसाला निर्णय घेता येत नाही ही समजूत खरी नसावी.

हिशोबाविषयी तर आमच्याकडे नियमच आहे. १९८३ च्या धर्मसंहितेनुसार (आमच्या चर्चच्या कायद्यानुसार) प्रत्येक धर्मग्रामात, म्हणजे स्थानिक चर्चच्या क्षेत्रात, अर्थविषयक समिती असलीच पाहिजे, आणि भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशोब भाविकांना दिला गेला पाहिजे. हा नियम सर्वत्र सारख्याच निष्ठेने पाळला जातो असा दावा मी करणार नाही. पण हिशोब मागणाऱ्या प्रापंचिकाला (धर्मगुरू नसलेल्या सामान्य भाविकाला) तो उद्धट आहे असे निदान नियमाच्या आधाराने कोणी म्हणू शकत नाही.

पाय धुण्याच्या विधीविषयी एक गोष्ट सांगावीशी वाटते. २८ मार्च २०१३ रोजी, पवित्र गुरुवारी, पोप फ्रान्सिस यांनी रोममधील कासाल देल मार्मो या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात जाऊन बारा तरुण कैद्यांचे पाय धुतले. त्यांत मुलीही होत्या आणि मुसलमानही होते. त्या काळच्या विधिनियमांत केवळ पुरुषांचाच उल्लेख असल्यामुळे पुष्कळांनी नाराजी व्यक्त केली, आणि जानेवारी २०१६ मध्ये नियमच बदलण्यात आला. गावातील मान्यवरांचे पाय धुणे सोपे असते. ज्याच्याकडून परत काहीच मिळणार नाही त्याच्यापुढे वाकणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि आमच्याकडच्या विधीत आम्ही ती पुष्कळदा चुकवतो.

पुण्याहून एक भगिनी

वरील दोन्ही उत्तरे मी आदराने वाचली. माझा मुद्दा थोडा निराळा आहे. नम्रतेचा उपदेश मंडळीत कोणाला केला जातो, हे आपण कधी पाहतो का? तो बहुतेक वेळा नव्याला, तरुणाला, गरिबाला आणि स्त्रीला केला जातो. मार्काच्या दहाव्या अध्यायात मात्र प्रभू तो बारा प्रेषितांना करतो, म्हणजे ज्यांच्या हाती अधिकार येणार आहे त्यांना. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायातही वडिलांना, म्हणजे मंडळीच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना, सांगितले आहे की कळपावर धनीपण न गाजवता त्याला कित्ता व्हा. तरुणांनी वडिलांच्या अधीन असावे हे त्यानंतर येते. वरच्यांना दिलेली आज्ञा आपण खालच्यांच्या हाती दिली आहे, आणि बंधू, आपल्या बैठकीत नेमके हेच झाले.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण या संदर्भात मी नेहमी देते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा त्या पंचवीस वर्षांच्या होत्या, विधवा होत्या, पदरी लहान मुलगी होती, आणि राहण्या-जेवण्यासाठी त्या तेथील भगिनींच्या आश्रमावर अवलंबून होत्या. नम्रतेचे जे चित्र आपल्या ज्येष्ठ पंचांनी रंगवले, त्याप्रमाणे त्यांनी उपकाराखाली दबून गप्प राहायला हवे होते. प्रत्यक्षात आपल्या धर्ममातेशी, भगिनी जेराल्डीन यांच्याशी त्यांनी सिद्धांतांवर पत्रांतून दीर्घ वाद घातला. भारतातील पुरोहितांचे जोखड मोठ्या कष्टाने झुगारून दिल्यावर दुसऱ्या पुरोहितांचा प्रत्येक शब्द देवाची आज्ञा म्हणून मानायला आपण तयार नाही, असे त्यांनी निक्षून कळवले. त्यांनी तरुण पुरुषांना शिकवू नये अशी हरकत भारतातील इंग्रज बिशपांनी घेतली, तेव्हाही त्यांनी उत्तर दिले की माझ्या आईने किंवा मी तरुणांना शिकवण्यास माझ्या वडिलांची आणि माझ्या पतीची कधी हरकत नव्हती, मग या लोकांची कशी असू शकते.

याच बाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात स्वतः गेल्या आणि उपासमारीत सापडलेल्या स्त्रिया व मुली घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगाव येथे त्यांच्यासाठी मुक्ती सदन उभे राहिले, आणि गुजरातेतील १९०० च्या दुष्काळानंतर तेथील रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. संस्कृतच्या ज्ञानासाठी कलकत्त्याच्या विद्वानांनी जिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, ती स्त्री खरजेने आणि उवांनी भरलेल्या मुलींमध्ये राहिली. तिच्या सेवेचा मला सर्वांत मोठा वाटणारा भाग याच्याही पुढचा आहे. ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा मुली तेथे शिकल्या, आणि पुढे मुक्तीचा छापखाना स्त्रियाच चालवू लागल्या. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्याचे काम रमाबाईंनी अखेरपर्यंत, म्हणजे ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा मृत्यू झाला तोपर्यंत, केले. त्या भाषांतराच्या छपाईचे खिळे या स्त्रियांनी जुळवले. ज्यांची सेवा केली त्या कायम हात पसरून उभ्या राहाव्यात अशी त्यांची इच्छा नव्हती. त्यांच्या हाती विद्या, कसब आणि जबाबदारी यावी अशी होती.

म्हणून आपल्या मंडळीविषयी मी एकच गोष्ट विचारेन. महिला मंडळ दर वर्षी किती स्वयंपाक करते हे सर्वांना ठाऊक असेल. पंचकमिटीत किती स्त्रिया आहेत, आणि इमारत निधीच्या खर्चाविषयी त्यांना कोणी विचारले होते का?

एडिनबर्गहून

भगिनींच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून लिहितो. येथील असेंब्ली हॉलमध्ये १९१० साली जागतिक मिशनरी परिषद भरली होती. त्या परिषदेत व्ही. एस. अझरय्या या तरुण तमिळ सेवकाने बहुतांशी पाश्चात्त्य असलेल्या श्रोत्यांपुढे भाषण केले. मिशनऱ्यांच्या त्यागाविषयी त्यांनी कृतज्ञता व्यक्त केली, आणि मग करिंथकरांच्या पहिल्या पत्रातील तेराव्या अध्यायाचा आधार घेऊन ते म्हणाले की तुम्ही गरिबांना आपली संपत्ती दिली, आपली शरीरेही जाळण्यासाठी दिली, पण आम्हाला प्रेमही हवे आहे, आम्हाला मित्र द्या. सभागृहात पुष्कळांना हे बोलणे झोंबले. दोन वर्षांनी, २९ डिसेंबर १९१२ रोजी, तेच अझरय्या दोर्नकलचे बिशप झाले आणि अँग्लिकन मंडळीतील पहिले भारतीय बिशप ठरले.

सेवा करणारा स्वतःला वरच्या पायरीवर ठेवून सेवा करू शकतो, हे त्या भाषणात उघड झाले. आयुष्य वेचलेल्या माणसांनाही ते ऐकावे लागले, आणि सांगणारा वयाने, पदाने, सर्व प्रकारे त्यांच्याहून लहान होता. तुमच्या कमिटीत तुमची जागा काहीशी तशीच आहे असे मला वाटते. अझरय्यांनी आधी मनापासून आभार मानले होते, हेही ध्यानात ठेवा.

दुसऱ्या एका मंडळीचा खजिनदार

मी अनेक वर्षे मंडळीचे पैसे सांभाळतो, म्हणून व्यवहाराच्या बाजूने लिहितो. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौल यरुशलेमेतील गरिबांसाठी गोळा केलेल्या वर्गणीविषयी लिहितो, आणि सांगतो की ती पोहोचवण्यासाठी मंडळ्यांनीच निवडलेला एक बंधू आम्ही बरोबर घेतला आहे, कारण या मोठ्या रकमेविषयी कोणी आम्हाला दोष लावू नये आणि जे चांगले ते केवळ प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही आम्ही करावे. पौलावर कोणी संशय घेतला म्हणून त्याने हे केले असे तेथे म्हटलेले नाही. त्याने आधीच स्वतःवर देखरेख लावून घेतली. मी जेव्हा ताळेबंद मंडळीच्या फलकावर लावतो तेव्हा माझी झोप शांत होते. हिशोब मागणारा माझा शत्रू नसून माझे नाव राखणारा आहे.

आपली मंडळी किंवा तिची मालमत्ता सार्वजनिक विश्वस्त संस्था म्हणून नोंदलेली असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० प्रमाणे हिशोब ठेवणे आणि त्यांची तपासणी करून घेणे विश्वस्तांना बंधनकारक आहे. कायद्याचा हा मुद्दा बैठकीत पहिल्यांदा काढू नये, त्याने माणसे दुखावतात. पण तो माहीत असावा. प्रत्यक्षात आमच्याकडे अर्पणाची थैली उपासनेनंतर लगेच दोघांनी मिळून मोजायची, ते दोघे एकाच घरातील नसावेत, दोघांनी वहीत सही करायची आणि रक्कम पुढच्या कामाच्या दिवशी बँकेत भरायची अशी पद्धत आहे. खजिनदारही ठरावीक मुदतीनंतर बदलतो. ही पद्धत सर्वांना सारखीच लागू असल्यामुळे कोणा एकावर बोट ठेवले जात नाही.

नवा चिटणीस

सर्वांचे मनःपूर्वक आभार. प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय पुढच्या बैठकीत वाचावा असे मी ठरवले आहे, आणि खजिनदार बंधूंची पद्धत ‘इमारत निधी’ असे नाव न घेता सर्वच निधींसाठी सुचवणार आहे. भगिनींच्या प्रश्नाचे उत्तर मी शोधले: कमिटीत एकच स्त्री आहे, आणि त्यांना विचारले गेले नव्हते. त्यांना मी स्वतः भेटून त्यांचे मत घेणार आहे.

एक शंका उरते. पाळकसाहेबांना हे सुचवणे आवडले नाही, तर ते मंडळीपुढे मांडावे का? गलतीकरांच्या पत्रात पौलाने पेत्राला सर्वांसमोर तोंडावर विरोध केला, हे मला ठाऊक आहे. पण मी पौल नाही.

जुना शास्त्रशिक्षक

अंत्युखियात पेत्र सर्वांच्या देखत परराष्ट्रीयांच्या पंक्तीतून उठला होता, म्हणून पौलालाही सर्वांच्या देखतच बोलावे लागले. आपला विषय अजून त्या टप्प्यावर नाही. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील क्रम पाळावा: प्रथम पाळकसाहेबांच्या घरी एकट्याने जावे, त्यांनी आपल्यासाठी व मंडळीसाठी जे केले त्याबद्दल आभार मानावेत आणि मग सूचना वाचून दाखवावी. त्यांचे म्हणणे पूर्ण ऐकून घ्यावे. जुन्या पाळकांना मंडळीतील अशा काही गोष्टी ठाऊक असतात ज्या नव्या चिटणिसाच्या कानावर आलेल्या नसतात. त्यांना पटले नाही तर एक-दोन विश्वासू पंचांना बरोबर घेऊन पुन्हा जावे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (५:१९) दोघा-तिघा साक्षीदारांशिवाय वडिलांवरील आरोप ऐकू नये असे सांगितले आहे, आणि त्या आज्ञेने त्यांचेही रक्षण होते व आपलेही. वार्षिक सभा हे शेवटचे ठिकाण आहे, आणि तेथेही आपण आरोप नव्हे तर ठराव मांडत असाल.

आपल्या स्वतःच्या कामापासून सुरुवात केलीत तर फार बरे. बैठकांचे इतिवृत्त आणि पत्रव्यवहाराची वही कोणाही सभासदाला पाहता येईल असे पहिल्याच बैठकीत जाहीर करा, म्हणजे खजिनदारांना जे विचारायचे ते आपण आधी स्वतःला लागू केले आहे हे सर्वांना दिसेल. पाळकसाहेबांची भेट झाल्यावर येथे अवश्य कळवा. तोपर्यंत आम्ही आपणा दोघांसाठीही प्रार्थना करत राहू.